कुंदाच्या भिंतीवरचं अर्धं दार

२८ मार्च
दिंडोशीला कुंदाकडे. देवनारची तिची जुनी गल्ली बुलडोझरखाली कधीच गेली, पण हॉलच्या भिंतीवर आहे. भीमजयंतीआधी घर रंगवतात तेव्हा चित्र जातं, जयंती झाली की बाई कोळशाने पुन्हा आठवून काढते. दर वर्षी सगळ्यांची घरं असतात, हिच्या घराच्या जागी नुसती भिंत. त्या मोकळ्या जागेवर माझं अख्खं करिअर उभं, लेख, भाषणं, आता पुस्तक. स्मृती, जखम, ओळख वगैरे. कुंदा म्हणते, जखम कसली गं, जमत नाही काढायला.
आज तिथे दार! अर्धंच, हिरव्या खडूने. परवा सहज काढलं म्हणे. बघतच राहिले. फोटोसाठी मोबाइल काढायची लाज वाटली.

२९ मार्च
पुस्तकाचं शेवटचं प्रकरण बदलणार. बदलू दे, खूश आहे मी. नवरा म्हणतो, तुझं पुस्तक म्हणजे आपल्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट, संपतच नाही. फोटोग्राफर पुढच्या रविवारचा ठरवला.

४ एप्रिल, शनि.
वाट लागली. कुंदाच्या भावाला आजच सुट्टी, म्हणून रंग आजच. त्याने न बघताच रोलर फिरवलेला. मी पोचले तर भिंत पांढरी. भडकले. एक दिवस थांबली असतीस तर, असं काहीबाही बोलले.
"तुझ्या पुस्तकासाठी जयंतीला घर मळकं ठेवू काय?"
बरोबर आहे तिचं. तरी रडू आलं. तिने ब्रश हातात दिला, रंगाचा दुसरा हात माझ्याकडून मारून घेतला. ड्रेसची वाट. मग मटण-भाकरी, झकास. येताना रिक्षात चक्क गुणगुणत होते.

१४ एप्रिल
जयंती. कुंदाकडे खीर, दोन वाट्या. कोरी भिंत छान दिसते, कबूल.

१९ एप्रिल
भिंतीवर गल्ली काढणं सुरू. दोन्ही शेजाऱ्यांची घरं झाली, मधल्या जागेशी कुंदा थांबली. दार काढायचंय, पण गेल्या खेपेला कसं काढलं ते आठवेना म्हणाली. मग माझ्याकडे वळली.
"कडी कुठल्या बाजूला होती गं? तूच तेवढं बघितलंयस."
मला आठवतंय. डावीकडे. पण मी सांगितलं तर दार तिचं राहील का? आधी चहा दे म्हटलं. चहा झाला, तिने परत विचारलं नाही. निघताना कोळशाचा तुकडा माझ्या हातात ठेवला, उद्या ये म्हणाली. आयुष्यभर चित्रांवर लिहिलं, भिंतीवर एक रेघ नाही ओढली कधी.
पर्स आतून काळी झालीय. उद्या कांदिवलीच्या घरून लवकर निघायचं.