मागच्या दाराची किल्ली

२ मार्च
आले एकदाची! एक ट्रंक, एक छत्री आणि मी. शंभर वर्षांपूर्वीच्या या दवाखान्याचं आता संग्रहालय झालंय आणि मी तिथली सगळ्यांत नवी स्वयंसेवक गाईड. पगार शून्य, पण वरच्या मजल्यावरची खोली फुकट. आई म्हणाली, जन्मभर फुकटच बडबडलीस, आता निदान डोक्यावर छप्पर तरी मिळालं.

मोठ्या ताई इथल्या सर्वांत जुन्या गाईड. आज त्यांनी फेरी शिकवली. पुढच्या दाराने आत, मग बाकांची खोली, तपासणीची खोली, औषधांची कपाटं, खाटा, बोळ आणि मागच्या दाराने बाहेर बागेत. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘या, पायरी सांभाळा.’ शेवटी दाराशी ताई प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजतात, कारण नजर अधू. गाईडला मोजत नाहीत. पूर्वी साथीत बरा झालेला रोगी या मागच्या दाराने घरी जायचा. पुष्कळजण गेलेच नाहीत. म्हणून ताईंचा नियम, आत नेलेला माणूस मागच्या दारानेच बाहेर काढायचा, फेरी अर्धवट सोडायची नाही. किल्ली कायम त्यांच्या कमरेला.

१९ मार्च
साथीमुळे संग्रहालय बंद, घरी जायच्या गाड्याही बंद. आम्ही सगळे गाईड फोनवर जमलो. ताई म्हणाल्या, दारं आज ना उद्या उघडणारच, तोवर जिभेला गंज चढू द्यायचा नाही. उद्यापासून रोज अकरा वाजता मी रिकाम्या खोल्यांतून अख्खी फेरी मोठ्याने म्हणणार. मागच्या दाराची किल्ली ताईंकडे, तेव्हा बोळातूनच माघारी यायचं. ऐकायला आहे कोण!

३ एप्रिल
पंधरावी फेरी. डॉक्टरांच्या कडू काढ्याचा एक विनोद छान जमलाय. आज त्यावर बोळात कुणीतरी खोकलं. हसता हसता ठसका लागतो तसं. जुन्या घरात नळही खोकतात, अशी मी मनाची समजूत घातली.

९ एप्रिल
फरशी पुसली आणि ओली असतानाच फेरी केली. माझ्या चपलांचे ठसे जातानाचे आणि येतानाचे. बाकीची पावलं अनवाणी, कितीतरी, सगळी बोळापर्यंत. परतीचं एकही नाही.

पाचावर धारण बसली. ताईंना फोन लावला, तो त्यांच्या मुलाने घेतला. त्या इस्पितळात आहेत, कुणाला बोलू देत नाहीत.

११ एप्रिल
फेरी बंद केली. अकराच्या ठोक्याला मागच्या दारावर थापा. आतून. वाट बघून कंटाळलेल्या माणसाच्या.

१४ एप्रिल
ताप. औषधांच्या कपाटाचा वास येईना. पालिकेच्या माणसांनी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. चौदा दिवस. जेवण खिडकीतून. मी सांगितलं, आत मी एकटी नाही. त्यांनी विचारलं, किती जण? मला सांगता येईना.

आई फोनवर रडली. मीही.

१६ एप्रिल
ताई पहाटे गेल्या. मुलगा म्हणाला, किल्ली सापडत नाही, कमरेलाच राहिली असेल.

मीच यांना आत आणलं. आता कुणालाच बाहेर काढता येत नाही. मलासुद्धा.

१७ एप्रिल
पावणेअकरा. जिन्यात उभे आहेत — वर जाऊ देत नाहीत, फक्त खाली — बोळात आणलंय मला —

अकरा. पुढचं दार बंदच आहे, इथून दिसतंय, तरी — ‘या, पायरी सांभाळा.’ ताईंचा आवाज.

बाकं. तपासणी. कपाटं. ताई एकही शब्द चुकत नाहीत —

किल्ली फिरली. दार उघडलं. पलीकडे बाग नाही —

मोजतायत. एकेक जण जातोय. ताई, मी गाईड आहे, मला मोजायचं नसतं — ताई, मी —

त्यांना दिसत नाही. कधीच नीट दिसायचं नाही. हात माझ्या खां