अण्णांच्या चुन्यावर माझं सिमेंट

प्रिय अण्णा,
जय भीम.

तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली आणि पत्र आज लिहितोय. येत्या शुक्रवारी नमाजानंतर बदलापूरची तुमची मशीद पाडायचं ठरणार आहे. तुमचीच म्हणतो. नदीकाठच्या त्या मोगलाईतल्या भिंतींना तीस वर्षं तुम्हीच गिलावा केलात.

लहानपणी मला तिथे नेलं होतंत, आठवतं? काळ्या दगडाच्या तीन कमानी, मधली जरा उंच. वर बसका घुमट. मेहराबीभोवती चुन्यात कोरलेली वेल. "इतक्या पिढ्यांनी ही वेल दुरुस्त केली, पण कुणी आपलं नाव कोरलं नाही," तुम्ही म्हणालात. मग भिंतीवर टकटक करून कान लावलात. "भिंत श्वास घेते, सुध्या. प्यालेलं पाणी बाहेर टाकते." मी हसलो होतो!

कॅम्प चारच्या आपल्या घरामागे खड्ड्यात तुम्ही मशिदीसाठी चुना मुरत ठेवायचात, गोणपाटाखाली, वर्षानुवर्षं. तुम्ही गेलात आणि महिन्याभरात मी तो उपसून फेकला. वर लादी घालून खोली काढली. सिव्हिलचा डिप्लोमा केलेल्या मला ती घाण वाटली.

मग जुलैचा तो पूर आला. मशिदीत कमरेएवढं पाणी. ओसरल्यावर तिथला कारभार बघणारे इस्माईलभाई घरी आले.

"अण्णांचा चुना शिल्लक आहे का रे?"

फेकला म्हणायची लाज वाटली. म्हणालो, "आता चुना कसला, भाई? सिमेंट मारा. पन्नास वर्षं बघायला नको."

"तू शिकलेला. तू म्हणतोस तर सिमेंट."

त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलंय, 'इस्माईलभाईंना सल्ला दिला.' चुन्याबद्दल अक्षर नाही. रोज डायरी लिहिणारा माणूस खरं लिहितो, असं कोण म्हणतं?

सिमेंट लागलं आणि भिंतींनी प्यालेलं पाणी आतच कोंडलं गेलं. दोन वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटले. अर्धी वेल गळून पडली, ती झाडूने गोळा केली. हेरिटेजच्या यादीत मशिदीचं नाव नाही, म्हणून कचेरीत कुणी वर मान करून बघितलं नाही. शेजारी म्हणतात, "त्यांची मशीद, तुला काय पडलंय?" आणि परवा इस्माईलभाई खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इमारतच थकली रे. तुझा बाप होता तोवर त्याने सांभाळली. आता स्लॅबची नवी बांधू."

मी मान डोलावली. अण्णा, मी मान डोलावली!

तुमच्यावरही राग आहे. "तू शीक, हात पांढरे करू नकोस," म्हणायचात. चुन्यात गूळ किती, बेलफळ किती, लिहून का नाही ठेवलंत? की मी कधी विचारलंच नाही?

काल एकटाच गेलो. सिमेंटवर टकटक केली, सगळीकडे पोकळ. मागच्या एका कोपऱ्यात सिमेंट पोचलेलं नाही, तिथे अजून तुमचा गिलावा आहे. तिथेही केली. भरीव. कोरडाठाक.

शुक्रवारी सगळ्यांना त्या कोपऱ्यात नेईन. सांगेन, भिंत थकलेली नाही, सिमेंट काढा. सल्ला माझा होता आणि चुनाही मीच फेकला होता. इस्माईलभाई पुन्हा खांद्यावर हात ठेवणार नाहीत, तेही चालेल. त्यांनी ऐकलं, तर खोलीची लादी उकरून खड्डा मोकळा करीन. नाही ऐकलं, तरी सल्ल्याच्या त्या दिवसाची डायरी पुरी लिहीन.

तुमचा,
हात न मळवलेला,
सुध्या