आबांच्या बंदुकीचं माप

रविवार, संध्याकाळ. केडगाव.

आबांच्या बंदुकीचा दस्ता अखेर कापून घेतला. आबा, माझे वडील, गेल्यावर ती माझ्या नावावर झाली, तेव्हापासून दौंडच्या शूटिंग रेंजवर जाते आणि हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या न फोडताच घरी येते. मागच्या रविवारी तिथं शिकवणारे मामा म्हणाले, “ताई, नेम बरोबर हाय तुमचा. दस्ता लांब पडतोय. मान ताणली की गाल उचलतो, मग छर्रे वरनं जातात.”

दीड बोट कापायचं म्हटल्यावर मन होईना. आबांचा गाल लागून गुळगुळीत झालेलं लाकूड आहे ते. पण कापायचं होतं मागच्या, खांद्याला टेकतं त्या टोकाला. गालाची जागा तशीच राहिली.

आज रेंजवर त्याच जागी गाल टेकवला. पाचातल्या चार चकत्या फुटल्या. मामा हसले, मला मात्र रडू आलं. कॉलेजात असताना आबांनी मळ्यात एकदाच बार काढू दिला होता. चुकला, तेव्हा म्हणाले, “ऱ्हाऊ दे, तुझं काम न्हाई हे.” मी पुन्हा मागितली नाही, त्यांनी दिली नाही. बंदूक माझ्या मापाची नाही, हे दोघांनाही कळलं नाही. नाहीतर किती संध्याकाळी मळ्यात आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो असतो. मला त्या सगळ्या संध्याकाळी हव्यात.