हेडबाईची मान

९ फेब्रुवारी १९९७, रविवार

सकाळी दाट धुकं. खुराडं उघडलं, पाणी बदललं. सहा बाहेर आल्या, हेडबाई आली नाही. आत कोपऱ्यात बसून होती. मान डाव्या बाजूला पिळल्यासारखी, चोच वर. उचलली तर मान आणखी फिरली. खाली ठेवली तर मागे मागे चालत भिंतीला जाऊन टेकली.

ताईने सगळ्यांना पहाडगंजच्या तिच्या शाळेतली नावं दिली. हेडबाई, ड्रॉइंगबाई, पी.टी.बाई. हेडबाई सगळ्यात जुनी. वर्गांवरून राउंड घेतल्यासारखी सगळ्यांच्या मागून चालते.

ताई असती तर एका नजरेत... दोन महिने झाले तिला जाऊन.

दुपारभर लाइट नव्हती. खिचडी.

१० फेब्रु., सोम.

ऑफिसात हाफ डे टाकला. हे.बा.ला ताईच्या भाजीच्या पिशवीत घालून रिक्षाने पशु-दवाखान्यात. डॉक्टर तरुण, घाईत. म्हणाले, "रानीखेत हो सकता है. विटामिन की कमी भी हो सकती है." रानीखेत म्हणजे आपली मानमोडी. कसं कळणार, विचारलं. "बाकी मरने लगें तो रानीखेत."

मग म्हणाले, "अंकल जी, बाकी छह बचानी हैं तो इसको आज ही खत्म कर दो. नहीं तो बिल्कुल अलग कमरे में रखो. अंडा देती है?"

नाही, म्हटलं.

"तो फिर?"

हे.बा.ला परत पिशवीत घातली.

उरलेल्या सहांसाठी लस बर्फासकट थर्मासमधून आणली. शेजारच्या सेठीबाईंनी एकेक धरली, मी डोळ्यात थेंब टाकला. पी.टी.बाईने त्यांच्या शालीवर घाण केली. "ले, मिल गया इनाम!" रागावल्या नाहीत.

वेगळी खोली कुठून आणायची? माझ्या खोलीचं दार मागच्या व्हरांड्यात उघडतं, तिथेच खुराडं. पुढच्या खोलीतून माझीच सगळी येजा. न्हाणीघर गारठलेलं. राहिली ताईची. तेराव्यानंतर उघडली नव्हती.

उघडली. खोक्यात भुसा घालून हे.बा.ला खिडकीखाली ठेवली. सकाळचं ऊन तिथेच येतं. घर बांधताना ताईने म्हणून तर ती खोली मागून घेतली होती.

११ फेब्रु., मंगळ.

ताईचा नियम: आधी धडधाकट, मग आजारी. उलटं कधी नाही. आजाऱ्याकडच्या चपला वेगळ्या, त्या खोलीबाहेर आणायच्या नाहीत. मागे एकदा मी खुराड्यातल्या चपलांनी तसाच स्वयंपाकघरात गेलो होतो, तर म्हणाली होती, "अरे, नकाशे काढतोस ना तू? मग हद्द कळत नाही?"

घरात माझ्या दोनच जोड. ऑफिसचे बूट, खुराड्याच्या चपला. तिसरी जोडी ताईची, निळ्या पट्ट्यांची. तिच्या उंबऱ्याशी होती तशीच होती. केरही मी तिच्या कडेकडेने काढत होतो.

आज त्या घातल्या. माझी टाच अर्धी बाहेर.

१३ फेब्रु., गुरु.

हे.बा. स्वतः टिपू शकत नाही. दाण्यावर चोच मारते, ती भलतीकडेच पडते. बाजरीचं पीठ ताकात कालवून ड्रॉपरने देतो. एका हाताने मान सरळ धरायची, थेंब चोचीच्या कडेला, गिळेपर्यंत थांबायचं. त्यातच व्हिटॅमिन. पाण्यात लसूण ठेचून सगळ्यांना, ताई द्यायची तसा.

संध्याकाळी चुकून त्याच चपलांनी दारापर्यंत गेलो. सेठीबाई फाटकात. पायांकडे बघून, "भाईसाहब, लेडीज चप्पल?" मी म्हटलं, हां जी. परत आत येऊन फरशी फिनाइलने पुसली. ताईने पाहिलं असतं तर!

१५ फेब्रु., शनि.

फोन: पुण्याहून शुभा (दादांची मुलगी). फोनसाठी ताईने अर्ज करून किती वर्षं झाली होती. ती गेल्यावर पुढच्याच आठवड्यात लाइनमन दारात. अजून वाजला की दचकायला होतं.

"काका, मी अठ्ठावीसला येतेय. आत्याची खोली आवरून टाकू. तुम्ही एकटे हात लावणार नाही, मला माहितीये."

म्हटलं, खोली रिकामी नाही.

"म्हणजे? भाडेकरू ठेवला?"

"पेशंट आहे."

सांगितल्यावर बराच वेळ हसली. मग म्हणाली, "काका, ह्या उन्हाळ्यात तुम्ही पुण्याला याच. कोंबड्या देऊन टाका कुणाला." बघू म्हटलं.

१६ फेब्रु., रवि.

ऊन चांगलं. खुराड्यातली राख बदलली, सहाही जणी तिच्यात लोळल्या. मग चपला बदलून हे.बा.कडे. तिला मांडीवर घेऊन ताईच्या खिडकीशी बसलो.

ह्या खिडकीतून पूर्वी मोहरीची शेतं दिसायची. आम्ही आलो तेव्हा सेक्टर नुसता दगडांवर आकडे लिहिलेला. बस पुलापलीकडे सोडायची, पुढे चालत. ताई शाळेतून येताना दोन पिशव्या आणि छत्री, मी घरून कंदील घेऊन सामोरा. पहिल्या हिवाळ्यात ती पलीकडच्या गावातून तीन पिल्लं पदरात घेऊन आली. हे काय, म्हटलं. "शेजार नको का?" आईने अलिबागला पाळल्या होत्या, तेव्हापासून तिच्या मनात होतं. आधीच्या सरकारी क्वार्टरमध्ये कुठे जमणार.

आता खिडकीतून चारमजली बिल्डिंग दिसते. बाल्कन्यांत छत्र्या, आकाशातले चॅनल पकडायच्या. तिथली मुलं सकाळी हे.बा.ला बघायला उभी राहायची.

तीन पिल्लांपैकी उरलेली ही एकच.

१८ फेब्रु., मंगळ.

ड्रॉइंगबाई शिंकली. सकाळी एकदा. परत संध्याकाळी. नाकाशी ओल.

सेठीबाई म्हणाल्या, "एक के चक्कर में सारी जाएँगी भाईसाहब. मेरे वो कर देंगे, आपको देखना भी नहीं पड़ेगा." चांगल्या मनाने म्हणाल्या. विचार करतो म्हटलं.

केलाही. सहा एकीकडे, ही एकीकडे. ताईच्या हिशेबाने सहा आधी. ते कळतं.

डिसेंबरात ताई त्याच खोलीत पडून होती तेव्हा मी सकाळी चहा घेऊन प्रथम तिच्याकडे जायचो. "आधी कोंबड्या बघ. मी आजारी ना, माझा नंबर शेवटी." स्वतःच हसायची. मी चहा ठेवून कोंबड्यांकडे जायचो. तिचं ऐकायचो.

आजारी शेवटी. पण शेवटी म्हणजे नाहीच, असं ती कधी म्हणाली नाही.

सेठीबाईंना नको सांगून आलो. ड्रॉइंगबाईला पुढच्या खोलीत, टोपलीखाली. आता पाहुणा आला तर बसवायचा कुठे? येतं कोण.

२१ फेब्रु., शुक्र.

ड्रॉइंगबाई तशीच. खाते. शिंक कमी की मलाच ऐकू येत नाही... बाकी पाच ठीक. हे.बा.ची मान सकाळी सरळ, घाबरली की पुन्हा वळते.

दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "अरे, अभी तक है?" खूश दिसले. अजून आठवडाभर काही सांगता येत नाही. बरी झाली तर बाकीच्यांत सोडा, म्हणाले.

म्हणजे खोली रिकामी.

२३ फेब्रु., रवि.

धुकं नाही. पाच जणींचं केलं. मग ड्रॉइंगबाई. मग चपला बदलून हे.बा.

ड्रॉपर आणायला उठलो तेवढ्यात मागे टक् असा आवाज. वळून पाहिलं तर वाटीतला दाणा चोचीत. गिळला. पुढचा चुकला. त्याच्या पुढचा पण. मान वाकडी ती वाकडीच. मी ड्रॉपर हातात धरून उभा.

शुभाचा फोन, तिकीट काढलंय. "पेशंट कशी आहे?" सांगितलं. "मग आपण खोली घेऊ ना आवरायला?" तू ये तर आधी, म्हटलं.

दुपारी ताईच्या चपला नळाखाली धुतल्या. ब्रशने खाचा घासल्या. पट्ट्यापाशी तिच्या अंगठ्याचा खळगा आहे, तिथे ब्रश लावला नाही. उन्हात वाळवल्या आणि उंबऱ्याशी ठेवल्या, पुढची टोकं आत करून, उद्या घालायला सोप्या.