नाताळचं गाढव

माय, येत्या रविवारी चर्चच्या मंडळीतल्या तरुण पोरापोरींचं शिबिर आहे आणि तिथं मला बोलायचं आहे. विषय दिलाय, 'अडकल्यासारखं वाटतं तेव्हा विश्वास कसा टिकवावा'. पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, मीच काहून? ते म्हणाले, तुम्हाला अनुभव आहे. अडकण्याचा की विश्वासाचा, हे विचारायचं राहून गेलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा कागद घेऊन बसतो. 'प्रिय तरुण मित्रांनो' एवढं लिहून होतं, पुढचं वाक्य येत नाही. आज वाटलं, त्यांना सांगण्याआधी तुलाच सगळं सांगून पाहावं. तू असतीस तर यातलं अर्धं खोटं आहे म्हणाली असतीस, आणि उरलेल्या अर्ध्यावर माझं भाषण झालं असतं.

कापसाच्या जिनिंग कारखान्याला कुलूप लागलं ते दिवस तुला सांगायला नकोत. कापसाला भाव नव्हता, गाड्या यायच्या बंद झाल्या आणि काट्यावर बसून वजनं लिहिणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला मालकानं सांगितलं, थोडे दिवस घरी बस, मी बोलावतो. मी घरी बसलो. बोलावणं आलं नाही. आधी मी रोज सकाळी अंघोळ करून, शर्ट घालून बसायचो, कारण कोणत्याही क्षणी निरोप येईल. मग नुसताच शर्ट घालून बसायला लागलो. मग शर्टही सुटला. दाढी वाढली. तीस वर्षांचा माणूस दारव्ह्यातल्या दोन खोल्यांच्या घरात आतल्या खोलीत पडून पत्र्याचे खिळे बघतो आणि बाहेरच्या खोलीत त्याची विधवा आई मिशनच्या दवाखान्यातल्या आयाच्या नोकरीवर घर चालवते, असं आपलं चाललं होतं.

मंडळीतले लोक धीर द्यायला येत. एकजण यायचे ते प्रत्येक वेळी वचनांचं कॅलेंडर आणायचे, एकाच वर्षाचं. दुसरे डोळे मिटून इतकी लांब प्रार्थना करायचे की मध्येच तू उठून चुलीवरचं दूध उतरवून यायचीस आणि 'आमेन'ला वेळेवर हजर व्हायचीस. सगळे म्हणायचे, देवाची वेळ असते, वाट पाहा. मग चहा पिऊन जायचे. त्या हिवाळ्यात आपल्या घरात धीर भरपूर होता आणि साखर कधीच पुरत नव्हती. तू मात्र मला एकदाही वाट पाहायला सांगितलं नाहीस. तू भाकरी थापता थापता देवाशी बोलायचीस, तो जणू समोरच्या पाटावर बसलाय आणि ताटाची वाट पाहतोय अशा आवाजात. "आजबी उठला नाही बापा. काल दोनच भाकरी खाल्ल्या. तुह्या ध्यानात असू दे." मला आतून सगळं ऐकू यायचं. मी काय खाल्लं याचा अहवाल स्वर्गात जातोय हे ऐकून जेवण उतरायचं नाही.

एक दिवस मी बाहेरच्या खोलीत येऊन म्हणालो, "माय, त्याले माहं काही सांगू नको. त्याले मी दिसतच नाही." तू कणीक मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "दार लावून बसला तर कसा दिसशीन? दार उघडं ठेवत जा. मले उकडते." डिसेंबर सुरू झाला होता. तुझ्या अंगावर स्वेटर होता, त्यावर शाल होती. मला वाटलं, म्हातारी चळली. त्या दिवसांत मला कुठंही एकटं जाता येत नव्हतं. मी विहिरीकडे निघालो की तुला पाणी पाहिजे असायचं, रस्त्याकडे निघालो की तुला मीठ. मोरीत जरा वेळ लागला तर बाहेरून तू भजन म्हणायचीस, आणि मी खाकरल्याशिवाय कडवं संपवायची नाहीस.

मग नाताळच्या नाटकाची बैठक झाली. आपल्या मंडळीचं पुठ्ठ्याचं गाढव वाळवीनं खाल्लं होतं, फक्त कान शिल्लक होते. पाळकसाहेब म्हणाले, यंदा पैशाची चणचण आहे, गाढवाशिवाय भागवू. तू उभी राहिलीस. "मरीयाबाई काय पायी जाईन? भरल्या दिवसाची बाई हाये ते. मी दवाखान्यात किती बाया पाह्यल्या, तुमाले काय मालूम?" पाळकसाहेबांना खरंच काही माहीत नव्हतं, ते खाली बसले. खरं गाढव आणायचं ठरलं. कोण आणणार, असं कोणीतरी विचारलं आणि तू भर मंडळीत म्हणालीस, "माहा पोरगा आणीन ना. मोकळाच हाये तो." सगळे माझ्याकडे वळून पाहायला लागले. तेवढ्यात पाळकसाहेबांना माझी दाढी दिसली. योसेफासाठी दरवर्षी सुतळीची दाढी करावी लागते, यंदा तो खर्च वाचला, असं म्हणून त्यांनी योसेफही मलाच केलं. मी नाही म्हणण्यासाठी तोंड उघडलं तर तू म्हणालीस, "पाहा, आतापासूनच तयारी करून राह्यला."

गाढव गावाबाहेरच्या वीटभट्टीवर होतं. नाताळच्या आदल्या दुपारी मी निघालो तर तू चप्पल घालून तयार. गाढवातलं तुला कळतं म्हणे. वाटेत जिनिंगचं फाटक लागलं. कुलपाला गंज चढला होता आणि आतल्या काट्यावर एक कुत्रं झोपलं होतं. मी थांबलो. तूही थांबलीस. मला इतक्या दिवसांचा राग आला, कुत्र्याचा, कुलपाचा, तुझा. मी म्हणालो, "तू काहून येऊन राह्यली माह्यामागं? मी लहान हावो काय? गाढव आणाले दोन माणसं लागते?"

तू फाटकाकडेच पाहत बोललीस. ते जसंच्या तसं आठवतं. "दवाखान्यात लोक आणते ना, फवारनीचं औषध पेलेले. डॉक्टर नळी घालते तवा पाय धराले मी असतो. परवा एक पोरगं आणलं, तुह्याच उमरीचं. त्याची माय म्हणे, खोलीत होता, आमाले वाटलं झोपला. दार लावेल होतं."

मी विचारलं, "म्हणून तुले उकडते?"

"हो. म्हणून मले उकडते."

माझ्या मनात तसलं काही नाही, असं मी ठासून सांगितलं. तू म्हणालीस, "बरं." आणि चालायला लागलीस.  भट्टीवर गाढवाच्या मालकिणीनं गाढवाची ओळख करून दिली. ते भलं आहे, लाथ मारत नाही, फक्त त्याच्या मनात नसलं की हलत नाही. तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, "सवय हाये मले."

नाताळची सकाळ अजून माझ्यासमोर चालू आहे. उपासना झाली आहे, लोक बाकांवर बसून आहेत, दारातून मरीया आणि योसेफ येणार आहेत. मरीया म्हणजे पाळकसाहेबांची मुलगी. ती पडू नये म्हणून तू गाढवाच्या दोन्ही अंगांना कापसानं ठासून भरलेली पोती बांधली आहेस. शेजारच्या पाटलीणबाईंनी कापूस दिला, म्हणाल्या, न्या कितीबी, विकत तर कोणी घेऊन नाही राह्यलं. मी दोर धरून आत शिरतो. गाढवाचं तोंड आत येतं, मान येते, पुढचे पाय येतात आणि पोती दारात गच्च बसतात. आपल्या प्रार्थनामंदिराच्या दाराचा एक पल्ला कित्येक वर्षं उघडत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना पहिल्यांदा आठवतं. मी ओढतो. बाहेरून मेंढपाळ ढकलतात. गाढवाच्या मनात नाही. देवदूत बाहेर, पाळकसाहेब आत, मरीया अर्धी आत अर्धी बाहेर, आणि ती रडायला लागली आहे. पाळकसाहेब प्रसंग सावरायला दोन्ही हात वर करून आशीर्वाद सुरू करतात आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला गाढव ओरडून उत्तर देतं.

तू पहिल्या बाकावरून उठून येतेस. आता तू दोर सोडायला सांगशील, असं मला वाटतं. तू एक हात गाढवाच्या कपाळावर ठेवतेस आणि एक माझ्या. डोळे मिटतेस. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतेस, "बापा, हे गाढव अडलं. माहं पोरगंबी अडलं. तुले जे आधी जमन ते आधी कर."

 मग मागच्या बाकावर कोणीतरी फुसकन हसलं आणि सगळं मंदिर फुटलं. त्या वर्षी दारव्ह्यात तसं हसू मी कुठंच ऐकलं नव्हतं. बाया पदर तोंडाला लावून वाकल्या, कॅलेंडरवाले गृहस्थ बाकाला धरून हसत होते, रडणारी मरीया हसायला लागली. मीही हसलो. कितीतरी महिन्यांनी हसलो, त्यामुळे ते थांबवायचं कसं हे आठवेना आणि हसता हसता गाढवाच्या मानेवर डोकं ठेवून मी रडलो. लोकांना वाटलं, योसेफाचं काम छान करतोय. तुझा हात मात्र माझ्या कपाळावरून हलला नाही.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "खाला, दुआ चलने दो, तब तक मैं कब्जा खोलता हूँ." आपल्या लाउडस्पीकरला जीपची बॅटरी लावून देणारा आपल्या आळीतला मेकॅनिक, तुला खाला म्हणजे मावशी म्हणणारा. दरवर्षी तो फाटकापाशी उभा राहून नाटक बघायचा. त्यानं पाना आणि हातोडी घेऊन न उघडणारा पल्ला बिजागरीसकट काढला आणि बाजूला उभा केला. गाढवाच्या मनात तेव्हाच आलं. ते मला घेऊन थेट वेदीपर्यंत गेलं, एक पोतं कडीत अडकून फाटलं आणि पाळकसाहेबांनी उरलेला आशीर्वाद ओठांवरचा कापूस काढत पुरा केला.

जेवताना तो मेकॅनिक माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "तू घर पे क्या करता है? मेरे यहाँ आ जा, पाने पकड़ाने को तो आदमी लगता है." मी तुझ्याकडे पाहिलं. तू वाढत होतीस. इतकंच म्हणालीस, "आधी गाढवाचं झालं."

शिबिरात इथं टाळ्या पडतील, म्हणून पुढचं सांगायलाच पाहिजे. सगळं एकदम सुटलं नाही. गॅरेजमध्ये मी महिनोन्महिने डिझेलनं पार्ट धूत होतो आणि जिनिंगच्या कारकुनाचे हात काळे झाले म्हणून मनातून कुढत होतो. सकाळी उठावंसं वाटायचं नाही असे दिवस नंतरही आले. जिनिंग काही उघडलं नाही. पण एका दुपारी जीपखाली उताणा पडून मी एका गंजलेल्या नटाशी झगडत होतो आणि तोंडातून निघून गेलं, बापा, हा तेवढा काढून दे. जिनिंग बंद झाल्यापासूनची माझी ती पहिली प्रार्थना. नट निघाला नाही, छिन्नीनं तोडावा लागला. पण मला जाणवलं की मी बोललो होतो, रागानं का होईना, कोणीतरी ऐकतंय असं धरून बोललो होतो. मग रोज बोलायला लागलो, बहुतेक वेळा नटांबद्दलच. घरी आल्यावर तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "त्याले कायचं? नट तर नट."

आता माझं स्वतःचं ट्रॅक्टरच्या पार्टांचं छोटं दुकान आहे, हे तू पाहून गेलीस. पोरांना नेमकं काय सांगू ते अजून कळत नाही. धीर धरा असं सांगणार नाही, ते त्यांना सगळेच सांगतात. सांगेन की तुमच्यासाठी कोणी तुमच्यामागं वीटभट्टीपर्यंत चालत येत असेल, तर त्याला देवानं पाठवलंय की मीठ आणायला निघालंय, याचा फार विचार करू नका, चालू द्या. एवढ्यानं अर्ध्या तासाचं भाषण होत नाही, पण पाळकसाहेबांनाही चहाची घाई असते.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही. तुझ्या कबरीवर ठेवावं असं एकदा मनात आलं, पण कब्रस्तानाची भिंत पडल्यापासून तिथं शेळ्या येतात आणि कागद तर त्या आधी खातात. खणात ठेवून देतो. शिबिरात सांगायला लाज वाटेल अशी एक गोष्ट मात्र तुला सांगून टाकतो. इतकी वर्षं झाली, मंडळीच्या पंचांत मी आहे, लोक मला वडील म्हणतात, रविवारी समोर उभं राहून मीच प्रार्थना चालवतो. पण घरी एकटा प्रार्थनेला बसलो की डोळे मिटल्यावर मी आधी ओळख सांगतो, मी तिचा पोरगा. त्याशिवाय तो मला ओळखेल, याची मला अजून खात्री नाही.