चर्चच्या दिवसाची गोळी

देवळाली प्रवरा
१० मार्च २०२५

ती. दादास,
मरियाचा प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनचं सुख संपलं, म्हणून पुन्हा कागदावर आले. बोटं मात्र आता खडू धरायच्याही लायकीची नाहीत. सकाळी तासभर मूठ उघडत नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलते, आणि सूनबाई नॅन्सी आपण पाहिलंच नाही असं दाखवते.

परवा नगरला संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी पिवळी गोळी दिली आहे, आठवड्यातून एकच घ्यायची. वार तुम्हीच ठरवा म्हणाले. शिवाय रुपालीचं तेल आणि चूर्ण चालू आहे. रुपाली माझी चौथीतली विद्यार्थिनी, आता इथे आयुर्वेदाचा दवाखाना चालवते. तेलाने आखडलेपण कमी होईल, पण दुखण्याचं मूळ या गोळीनेच आवरेल, ती सोडू नका, असं तिनेच बजावलं. शेजारच्या गोजरबाईचं मत मात्र असं, की ही गोळी लई गरम हाय.

माझी अडचण वेगळीच आहे. शाळेतली नोकरी संपल्यापासून मला वार कळत नाहीत. मागे बाजाराला पिशवी घेऊन एक दिवस आधीच निघाले होते. चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं बांधलेला भाऊ असताना दुसऱ्या कुणाला विचारू? काहीतरी युक्ती सांग.

मोडलेल्या मांडीवर जोर देऊ नकोस. तुझ्या लेकाला, अँड्र्यूला, कारखान्याच्या पाळीवरून दमून आल्यावर फार पळवू नकोस.

तुझ्या मायेची सवय झालेली,
मरिया

नागापूर
१३ मार्च २०२५

चि. मरियास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर पाहून तुझ्या बोटांची कल्पना आली आणि वाईट वाटलं. मी इथे पलंगाला खिळलेला, तू तिथे.

युक्ती सोपी आहे. वार लक्षात ठेवूच नकोस. ज्या दिवशी चर्चला जाशील त्या दिवशी घरी येऊन जेवायचं आणि गोळी घ्यायची. चर्च नाही तर गोळी नाही. तू चर्च चुकवणारी नाहीस, म्हणजे गोळीही चुकणार नाही. आम्ही म्हाताऱ्या पेशंटांना असंच काहीतरी बांधून द्यायचो. हा कागद बायबलमध्ये ठेव म्हणजे विसरायला नको.

तुझ्या चौथीतल्या वैद्यीणबाईंना माझा सलाम सांग. तेल चोळायला माझी हरकत नाही, चूर्णावर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. ते तुला ठाऊकच आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

अँड्र्यू पेटीत टाकायला थांबला आहे. जीव सांभाळून राहा.

तुझा दादा,
शांतवन

देवळाली प्रवरा
१९ एप्रिल २०२५

ती. दादास सप्रेम सलाम. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली. महिनाभरात मूठ थोडी उघडायला लागली आहे. परवा मीच भाकरी थापली, वाकडी झाली, पण थापली. नॅन्सीने ती कौतुकाने खाल्ली.

झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरआधीचा दुःखसहनाचा सप्ताह झाला. सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी चर्चमध्ये उपासना, मी एकही चुकवली नाही. तुझा कागद बायबलात आहे, त्याप्रमाणेच चालते, गोळीत हयगय नाही. फक्त काल उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, गाता आलं नाही. तोंड इतकं आलं आहे की जीभ सोलल्यासारखी झाली. पेजेवर आहे. थकवाही फार वाटतो. उद्या ईस्टर, आणि पहिल्यांदाच मी बाकावर मुकी बसणार.

रुपाली बहिणीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आहे, शुक्रवारी येईल. आली की तिला तोंड दाखवते. तू काळजी करू नकोस असं लिहून उपयोग नाही, तू करणारच.

तुझ्या कागदाची वाट पाहणारी,
मरिया

नागापूर
२३ एप्रिल २०२५

चि. मरियास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि डोकं तापलं. हा त्या चूर्णाचाच प्रताप. त्यात कसलं भस्म मिसळलं आहे कोण जाणे. ते आजच बंद कर, आणि तिच्या दवाखान्याची पायरी चढू नकोस. चांगली मुलगी असेल, पण प्रयोग माझ्या बहिणीवर नकोत.

तोंडाला तूप लाव. पिवळी गोळी मात्र ठरल्याप्रमाणे चालू ठेव, तिच्यामुळेच तुझी मूठ उघडली आहे.

मला येता येत नाही म्हणून रागाने लिहिलं आहे. मनात ठेवू नकोस.

दादा

देवळाली प्रवरा
३० एप्रिल २०२५

ती. मामांस,
नॅन्सीचा सादर सलाम.

अँड्र्यूला फोनवर थोडं सांगितलं आहे, पण दादाला कागदच लागतो असं मम्मी म्हणाल्या, म्हणून लिहिते.

शुक्रवारी तुमचं पत्र आलं. मम्मींनी चूर्णाची बरणी कपाटावर ठेवून दिली. रुपालीताई आल्याचा निरोप आला, तरी दादाने नको म्हटलंय म्हणून गेल्या नाहीत. रविवारी ताप अंगात घेऊन रिक्षाने चर्चला गेल्या आणि येऊन गोळी घेतली. सोमवारी अंगावर लाल ठिपके आले, तेव्हा मीच रुपालीताईंना बोलावलं. त्यांनी आधी गोळ्यांचं पाकीट मागितलं आणि मोजलं. सात रविवारच्या सात जायला हव्या होत्या, बारा गेल्या होत्या. दुःखसहनाच्या सप्ताहात मम्मींनी सोमवार ते शुक्रवार रोज एक घेतली. रुपालीताईंनी स्वतःच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं.

रक्तातल्या पेशी फार खाली गेल्या आहेत. उतारा चालू आहे, पण उशीर झाला, आठ दिवस काही सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणतात. रोज घ्यायला कुणी सांगितलं, असंही त्यांनी विचारलं. मम्मी म्हणाल्या, कुणी नाही, माझंच डोकं फिरलं.

नंतर मला एकटीला जवळ बोलावून बायबलमधला तुमचा कागद काढायला लावला. दादाचा आहे, दादाला परत पाठव, मध्ये कुणी वाचायचा नाही, असं म्हणाल्या. सोबत पाठवते आहे. मी वाचलेला नाही.

प्रार्थनेत आम्हाला धरून ठेवा.

आपली,
नॅन्सी

नागापूर
३ मे २०२५

चि. मरियास,

नॅन्सी, हे तिच्या कानाशी मोठ्याने वाच. डॉक्टर आणि रुपालीबाई जवळ असतील तर त्यांच्यासमोर वाच.

मरिया, कागद मिळाला. चर्च नाही तर गोळी नाही, हे माझंच अक्षर. चाळीस वर्षांत एक पुडी चुकीची बांधली नाही असं मी गावभर सांगत आलो. दुःखसहनाच्या सप्ताहात आई आपल्या दोघांना रोज उपासनेला न्यायची, तेही मला आठवलं नाही. रोज चर्चला गेलीस आणि गोळीत हयगय केली नाहीस, हे तू एकाच पानावर लिहिलं होतंस. मी दोनदा वाचलं आणि मला फक्त चूर्ण दिसलं. ज्या मुलीने पाकीट मोजलं असतं, तिच्याकडे जायला तुला मीच बंदी केली.

तो कागद याच लिफाफ्यात परत पाठवतो आहे. रुपालीबाईंच्या हातात दे. माझ्यासाठी तू खोटं बोललीस, आता पुरे.

मला उठता येत नाही, फोन ऐकू येत नाही. अँड्र्यू हे पत्र घेऊन येतो आहे, पण परत येऊन तो मला बरं वाटेल तेच खुणा करून सांगेल. म्हणून तुझ्या उशाशी कोरा कागद ठेवायला सांगितलं आहे. लिहवलं नाही तर नुसती एक रेघ ओढ. वाकडी असली तरी तुझी मी ओळखेन.

लोभ असावा म्हणायला आज तोंड नाही. रेघ तेवढी पाठव.

दादा