निळी गाडी साडूच्या दारात

८ सप्टेंबर, सोमवार

गणपती गेले, दुकान थंड. फ्लेक्सचं मशीन पुसून ठेवलं आणि दुपारभर मोबाइलवर परत तीच बघत बसलो. निळी. टर्बो पेट्रोल, दहा वर्षांची, एकहाती वापरलेली, मालक बाणेरचा. न कळणाऱ्याला साधी छोटी गाडी वाटेल. कळणाऱ्याला कळतं. असली पळणारी गाडी माझ्या ऐपतीत बसतेय, हे आयुष्यात पहिल्यांदा.

हिला दाखवली. "आपली बरी की. सात माणसं बसतात." आपली म्हणजे तो डबा. चढाला लागला की मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न मारतात.

साडूला फोन केला. प्रमोदचं आळेफाट्याला टायरचं दुकान, गाडीच्या खालचं सगळं त्याला कळतं. म्हटलं, बघायला चल. "चला की भाऊ, लगीच."

१० सप्टेंबर, बुध.

बाणेरला जाऊन आलो. फोटोपेक्षा भारी आहे राव. मालक कॉम्प्युटरवाला, बायकोपोरांसकट परदेशी चाललाय, म्हणून काढतोय. गाडी लेकरासारखी ठेवलेली.

आधी मी चालवली. मालक शेजारी. "सर, थोडी दाबा, मजा कळेल." म्हटलं, ट्रॅफिक आहे. मग प्रमोद बसला. त्याच रस्त्यावर, त्याच ट्रॅफिकमध्ये काय पळवली भाड्यानं! मी मागच्या सीटला चिकटलो. उतरला तेव्हा हसत होता. खाली वाकून टायर, सस्पेन्शन बघितलं. म्हणाला, "भाऊ, डोळं झाकून घ्या."

मालक म्हणाला टोकन देऊन जा. मी म्हटलं, घरी विचारतो.

११ सप्टें., गुरु.

आईला सांगितलं. ती अळूची पानं चिरत होती, परवा आबांचं श्राद्ध. "पितर दारात आल्यात आन् तू गाडी आणतो व्हय? घट बसू दे, मग आण." बरोबरच आहे. पितृपक्षात चप्पल घेत नाही माणूस, गाडी कशी घेणार. मालकाला फोन करून सांगितलं, घटस्थापनेला येतो. तो म्हणाला, "बघा सर, तोपर्यंत राहिली तर."

राहणार. जुन्या गाड्या पितृपक्षात कोण घेतंय?

१७ सप्टें., बुध.

ही फोनवर बहिणीशी बोलत होती. मी जेवत होतो. "अगं बाई! खरंच? कुठली? निळी?"

घास तोंडातच राहिला.

प्रमोदनं घेतली. परवाच इसार दिला, काल जाऊन घेऊन आला. मला एक शब्द नाही.

नंतर जेवलो की नाही आठवत नाही. ही म्हणते भाकरी दोन्ही खाल्ल्या.

१८ सप्टें.

प्रमोदचा फोन. उचलला नाही. परत आला. उचलला.

"भाऊ, रागावला काय? तुमी म्हणला पितृपक्ष हाय, घेत न्हाई. तो मालक दुसऱ्याला देत व्हता. म्हटलं आपल्या घरातच राहू दे."

"आणि तुला पितृपक्ष नाही?"

"जुनी गाडी भाऊ. जुन्याला कसला पितृपक्ष? नवीन वस्तू घ्यायची नसती."

हे आईला सांगितलं. आईनं विचार केला. म्हणाली, "तसं बी असंल."

असंल!! मग त्या दिवशी का नाही सुचलं?

हिच्यावर डाफरलो, आईमुळं गेली गाडी. ही भांडी लावत होती, मान वर न करता म्हणाली, "आईंचं नाव कशाला घेता. डबा घेताना विचारलं होतं का त्यांना?" हिला काय कळतंय गाडीतलं.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री

आळ्याची पोरं दुकानात. प्रमोदचे दोस्त. फ्लेक्स पाहिजे, मोठा, आळेफाट्याला लावायचा. "नवीन गाडी खरेदी केल्याबद्दल प्रमोदशेठ यांचे हार्दिक अभिनंदन." म्हटलं, नवीन कुठंय, जुनी आहे. तर म्हणतात, "दादा, आपल्यासाठी नवीनच ना." गाडी घेताना जुनी, फ्लेक्सवर नवीन. वा रे वा.

वर आणखी म्हणे, शुभेच्छुकांत पहिला फोटो तुमचाच टाकायचा, प्रमोदशेठनं सांगितलंय.

बसलो करायला. मनात होतं गाडी कोपऱ्यात बारीक टाकावी. पण फोटो उघडला, निळा रंग स्क्रीनवर आला आणि हातच आवरेना. मागं डोंगर टाकला, बॉनेटवर उजेड सोडला. आजपर्यंत इतका झकास फ्लेक्स केला नव्हता. त्याच्या गाडीसाठी. खाली माझा फोटो, गॉगलमधला, दात काढून हसतोय.

२ ऑक्टो., दसरा

सकाळी डब्याची पूजा केली. हार घातला, तोही ढिला पडला.

चारला प्रमोद अन् हिची बहीण अश्विनी सोनं द्यायला आले. गाडी गल्लीत शिरायच्या आधी आवाज आला. सगळी वाडी बाहेर. आईनं ओवाळलं. लिंबूमिरची हिनंच बांधली, माझ्या देखत, आणि डब्याची वाळकी तशीच लटकतेय गेल्या दिवाळीपासून.

आमची ईश्वरी प्रमोदबरोबर चक्कर मारून आली. "पप्पा, काका गेअर टाकतात ना, डोकं मागं जातं!" म्हटलं, बरं. "आपल्या गाडीत का नाही जात?" म्हटलं, अभ्यासाला बस.

प्रमोदनं पाया पडून आपट्याची पानं दिली. "सोन्यासारखं ऱ्हावा भाऊ." पाठीवर हात ठेवला. ठेवायचाच असतो.

५ ऑक्टो.

झोपेतसुद्धा तो आवाज.

आज आळेफाट्याला माल आणायला गेलो. मुद्दाम बायपासनं गेलो, फ्लेक्स दिसू नये म्हणून. येताना विसरलो, दिसलाच. मीच हसतोय.

१२ ऑक्टो., रवि.

हे कुणाला दाखवायचं नाही.

प्रमोद अश्विनीला हिच्याकडं सोडायला आला. आमच्या कोपऱ्यावर वाडीच्या पोरांनी स्वतःच्या अकलेनं गतिरोधक घातलाय, डांबर उरलं तेवढं सगळं ओतलं. गाडी खाली घासली. खर्रर्र! मी गॅलरीत होतो. खोटं कशाला लिहू, कानाला गोड लागलं. प्रमोदनं अश्विनीला उतरवलं, एकट्यानं गाडी तिरकी करून काढली. परत घासली. परत गोड लागलं.

खाली जाऊन म्हटलं, "अरे अरे अरे. फार लागलं का?" प्रमोद खाली झोपून बघत होता. "न्हाई भाऊ, किरकोळ." म्हटलं, पितृपक्षातली गाडी, जरा जपून.

बोललो मी असं. अश्विनीचं तोंड पडलं. ही आत गेली आणि संध्याकाळचा चहा ईश्वरीच्या हातानं पाठवला.

१४ ऑक्टो.

दुसरी बघू म्हणून मोबाइल उघडला. एक लाल आहे, नाशिकची. एक पांढरी. बघितल्या, बंद केल्या. मला ती पाहिजे. तीच का, ते काय माहीत.

२३ ऑक्टो., भाऊबीज

सासुरवाडीला, घोडेगावला. दोघी बहिणींनी भावाला ओवाळलं, आम्ही दोघं जावई ओट्यावर. माझा डबा गोठ्याजवळ, निळी तुळशीसमोर. सासऱ्यांनी स्वतः पाणी मारून धुतली. माझ्या गाडीला सासऱ्यांनी कधी फडकं लावलेलं आठवत नाही.

जेवणं झाल्यावर प्रमोदनं चावी माझ्या हातात दिली. "चला भाऊ, तुमी चालवा. आधी तुमी शोधली व्हती." सगळ्यांसमोर. नाही कसं म्हणणार. आणि मला पाहिजेच होतं. दीड महिना हेच पाहिजे होतं.

मंचरपर्यंत नीट गेलो. काय गाडी आहे! स्टेअरिंग नुसतं मनात आणलं की वळतं. हायवेला लागलो, कळंबच्या अलीकडं एसटी पुढं होती. प्रमोद म्हणाला, "थर्ड टाका, दाबा." दाबलं. आधी काहीच नाही. मग एकदम मागनं कुणी ढकलल्यासारखी सुटली. एसटी कुठं गेली कळलंच नाही. समोर टेम्पो. तो तसा लांब होता, आता कळतंय. मी "आई गं" म्हणून ओरडलो, पाय उचलला, ब्रेक मारला, मागच्या एसटीवाल्यानं आईबहीण काढली.

कडेला घेतली. म्हटलं, गुडघा दुखतोय, तू घे. प्रमोद उठून या बाजूला आला आणि चालवायला बसला. येताना सावकाश चालवत होता, माझ्यासाठी. मला कळत होतं.

घरी सगळ्यांनी विचारलं, कशी वाटली? मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "भाऊंनी एसटी मागं टाकली राव, झटक्यात!" सासरे हसले, पाठ थोपटली.

त्यानं सांगून टाकलं असतं, भाऊ घाबरले, तर निदान भांडता तरी आलं असतं.

२४ ऑक्टो.

दुकान उघडलं नाही. गुडघा दुखतोय असंच घरी सांगितलंय, ही तेल लावून देते. गुपचूप लावून घेतो.

इतकी वर्षं रिव्ह्यू वाचले, व्हिडिओ बघितले. कुठलं इंजिन किती पळतं तोंडपाठ. आणि दाबली की मला भीती वाटते. बाणेरला पण वाटली होती. ट्रॅफिक नव्हतं फारसं.

प्रमोदला वाटत नाही. दहावीनंतर शाळा सोडलेला माणूस, जुन्याला कसला पितृपक्ष म्हणतो आणि उचलून आणतो. गाडी त्याला मिळाली त्याचं एवढं नाही आता. तो दाबतो आणि हसतो, त्याचंच जास्त जळतंय.

९ नोव्हें., रवि.

गोड बातमी. अश्विनीला दिवस गेलेत. लग्नाला सात वर्षं झाली, किती दवाखाने, किती नवस. ही रडली, आईनं देवापुढं साखर ठेवली. मलाही आनंद झाला. खरा झाला. असा नुसता आनंद होऊन लई दिवस झाले होते.

१३ नोव्हें., गुरु.

प्रमोद दुकानात आला. चहा मागवला. डॉक्टरीणबाईंनी अश्विनीला धक्के लागू द्यायचे नाहीत म्हणून सांगितलंय, आणि या गाडीत आळ्यापासनं इथं नारायणगावला येईपर्यंत दहा गतिरोधकांना तिला उतरायला लागतं. "काढतो भाऊ. उंच गाडी घेतो एखादी, तुमच्यासारखी."

तुमच्यासारखी! माझ्या डब्यासारखी.

"तुमी पहिली बघितली व्हती, पहिला मान तुमचा. मी आणली तेवढ्यातच घ्या. मनात किंतु ठेवू नका. तवा माझं चुकलं, तुमाला इचारायला पायजे व्हतं. पण लई आवडली व्हती वो."

डोळे भरले होते त्याचे. गाडीसाठी. मी बघितलं.

म्हटलं, सांगतो.

१४ नोव्हें.

हिला सांगितलं. म्हणाली, "घ्या ना मग. दसऱ्यापासून तोंड सुजवून बसलाय." आई म्हणाली, आता कुठला पितृपक्ष नाही, चांगला दिवस बघून आण. ईश्वरी नाचतेय. पैशाचं जमतंय. कुणीच अडवत नाही. एक कारण सापडत नाही मेलं.

घ्यावी. दारात उभी असली तरी पुरे. सावकाश चालवायची, कोण बघतंय. पण सगळी वाडी बघणार. म्हणतील, प्रमोद पळवायचा, हा काय बैलगाडी हाकतोय. नको म्हटलं तर प्रमोदला कळणार का नको ते. एकट्यालाच कळणार. बोलणार नाहीच तो.

१५ नोव्हें., शनि.

दुपारी प्रमोदचा फोन. "भाऊ, घाई न्हाई, पण मंचरचा एक जण मागं लागलाय. उद्या सकाळी गाडी बघायला येतोय, पैसे घेऊनच. तुमी हो म्हणला तर त्याला आत्ताच नको म्हणून सांगतो."

म्हटलं, संध्याकाळी कळवतो.

संध्याकाळ झाली. एका वाढदिवसाच्या फ्लेक्सचं काम होतं, नाव चुकीचं छापलं, परत काढायला लागणार. ही दोनदा विचारून गेली, केला का फोन? फोन पुढ्यातच ठेवलाय. हो म्हणायला तोंड उघडत नाही, नाही म्हणायलाही उघडत नाही.

तो मंचरचा कोण आहे, काय करतो, काही माहीत नाही. पोरगा असेल एखादा. उद्या येईल, बसेल, दाबेल आणि हसेल. त्याला मी बघितलेलाही नाही, आणि आत्तापासूनच डोक्यात जातोय.